वाचलं, पण उत्तर नाही

दुसऱ्या वेचणीला पायलच्या बोटांनी साथ सोडली. बोंडांची टोकं वाळून सुयांसारखी झाली होती. रोज सकाळपासून उन्हं कलेपर्यंत त्यातून कापूस ओढायचा, म्हणजे पेरांची कातडी आधी सोलवटते, मग घट्ट होते आणि मग चिरते. संध्याकाळी ती रांजणापाशी हात धुऊन आली, ओसरीवर बसली आणि फोनवर अंगठा टेकवला. फोन नुसता थरथरला. तिनं अंगठा ओढणीला पुसून पुन्हा टेकवला.

"याले काय झालं वं वयनी? उघडूनच नाही राह्यला."

प्रेरणा आपल्या लेकीला, सुरभीला, मांडीवर घेऊन वरण-भात भरवत होती. तिनं नणंदेचा हात उजेडाकडं वळवून पाहिला.

"रेघाच उरल्या नाहीत तुझ्या बोटाला. कसा ओळखेल तो?"

"बोंडानं खाल्ल्या वाट्टे," पायल म्हणाली.

बाजेवर पडलेला पायलचा भाऊ राजदीप म्हणाला, "नक्षीवालं लॉक टाक ना मंग. ठिपके जोडाचं. अंगठ्याचं कामच नाही." जिनिंगमधली पाळी करून आला की तो जेवणाच्या हाकेपर्यंत बाजेवरून उठत नसे.

पायलनं नऊ ठिपक्यांवर बोट फिरवलं. वरून सरळ खाली, मग आडवं. दोनदा करून पाहिलं. फोन उघडला तशी ती हसली आणि उठून अंगणातल्या टाकीपाशी गेली. बोलण्यापुरती रेंज तिथंच यायची. वरून खाली, मग आडवं. सुरभीनंही हवेत बोट तसंच फिरवलं. प्रेरणानं तिचा हात खाली केला आणि घास तोंडात दिला.

पायलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर विहारात झालं होतं. मुलगा उमरखेडकडचा, नाव रजत, पुण्याकडं कंपनीत कामाला. सोयरीक आणली होती बबनरावांनी. ते पायलच्या आईचे, सत्यशीलाचे, मावसभाऊ. लग्न मे महिन्यात धरलं होतं. साक्षगंधाला रजतनं सगळ्यांना वाकून जयभीम केला, जेवताना स्वतः वाढायला उठला. पायलच्या बापाला, उकंडाला, ते आवडलं. "पोरगा कामाचा दिस्ते," एवढंच तो म्हणाला, आणि तो एवढं बोलला म्हणजे पुष्कळ झालं असं घरात सगळ्यांना माहीत होतं. राजदीपनं आपला जुना फोन पायलला दिला. लग्न ठरलेल्या पोरीकडं आता फोन लागतोच, असं सत्यशीलाच म्हणाली.

वेचणीला घरची तीन माणसं आणि तांड्यावरच्या चार बाया जात. त्या वर्षी प्रेरणा गेली नाही. सुरभीची छाती दोनदा भरली होती. मारेगावच्या डॉक्टरांनी धुळीत नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. प्रेरणा दिवसभर घरी राही, दुपारी पोरीला पदराआड धरून वावराच्या कडेपर्यंत शिदोरी पोचवी आणि परत येई. उरलेल्या वेळात कापसातली पाती-काडी निवडी, आणि मधून मधून पोरीच्या छातीला कान लावून बघे. पोरगी गाणी बघितल्याशिवाय तोंड उघडत नसे. पायल सकाळी फोन चार्जिंगला लावून जायची, कारण बॅटरी जुनी होती. दुपारी सुरभीला जेवायला बसवलं की प्रेरणा तो फोन घेई. पहिल्या दिवशी तिनं उघडला नाही. सुरभीनंच उघडला.

गाणं चालू असताना वरून मेसेज उतरला. 'कुठे आहेस.' प्रेरणाचं बोट त्याला लागलं, की तिनं लावलं, हे तिलाही नंतर सांगता आलं नसतं. पान उघडलं. ती वाचत वर वर गेली. सुरभी रडायला लागली तेव्हा तिनं गाणं परत लावून दिलं.

पायल मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची, जशी बोलायची तशीच. मले, तुमाले, कायले. रजत मला, तुला लिहायचा. त्याच्याकडची बोली वेगळी. सुरुवातीला त्यानं तिची थट्टा केलेली होती. 'मले म्हणे, परत लिही मले.' तिनं परत लिहिलं होतं. प्रेरणाला ते वाचून हसू आलं. तीही याच बोलीतून गेलेली. यवतमाळला बी.ए. करताना वर्गात एकदा ती मले म्हणाली, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी तो शब्द तिच्या आवाजात परत म्हणून दाखवला. त्यानंतर तीन वर्षं तिनं तो जिभेवर येऊ दिला नाही. पुढं घरी आली तरी तो परत आला नाही. सासू त्यावरून तिला 'आमची मॅडम' म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तिनं परत वाचलं. मग रोजच.

थट्टा महिनाभरात संपली होती. त्यानंतर प्रश्नच होते. एक वाजून बारा मिनिटांनी ऑनलाइन दिसत होतीस, कोणाशी बोलत होतीस. निळं झालं, म्हणजे वाचलंस, मग उत्तर का नाही. माझी किंमत नाही तुला.

प्रेरणानं ती वेळ पुन्हा वाचली. एक वाजून बारा मिनिटांनी पायल वावरात होती आणि फोन इथं, या पाटावर, वरणाच्या वाटीजवळ होता. त्यानंतर ती आधी फोनचं नेट बंद करायची आणि मग वाचायची. पण नेट परत लावलं की खुणा निळ्या व्हायच्याच. वाचणं काही तिनं सोडलं नाही. पोरीचा ताप बघायला रात्रीतून पाचदा हात जातो, तसा हात जायचा. तिथं काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असलं म्हणजे फार वाईट होणार नाही, असं काहीसं तिला वाटायचं.

पायल संध्याकाळी टाकीपाशी उभी राहून सांगायची, "मी नोती जी ऑनलाइन. वावरात होती. आईची शपथ." पलीकडून काय येई ते ऐकू यायचं नाही. ती चपलेनं माती उकरत राहायची.

मग ती फोन वावरात नेऊ लागली. प्रेरणा आता रात्री, पायल झोपल्यावर, वाचायची. कापसासाठी कमरेला बांधलेल्या ओटीत एका कोपऱ्याला गाठ मारून त्यात तो ठेवायची. दर अर्ध्या तासानं गाठ सोडायची, पुन्हा मारायची. बाकीच्या बायांची पाथ, वेचणीची ओळ, पुढं गेलेली असायची. एकदा प्रेरणा शिदोरी घेऊन गेली तेव्हा पायल कापसाच्या पऱ्हाटीत उभी होती, डाव्या हातात फुटलेलं बोंड, त्याच हाताची तीन बोटं वर केलेली, आणि उजव्या हातानं फोटो काढत होती.

तांड्यावरची लालीबाई कंबर धरून हसली. "बोंडाचा फोटो काढून राह्यली का वं? नवऱ्याले कापूस नाही पाह्यला का कधी?"

"पाह्यला असन," पायल म्हणाली.

"मंग बोटं कायले दाखवतं? तीन लेकरं पायजे म्हन्ते का तो?"

बाया हसल्या. पायलही हसली. प्रेरणाला त्या बोटांचा अर्थ माहीत होता. आदल्या दिवशी पाठवलेल्या फोटोवर त्यानं लिहिलं होतं, हा जुना आहे. उद्यापासून मी सांगीन तितकी बोटं दाखवून काढायचा.

सत्यशीला मागं वळून ओरडली, "हात चालव वं पायल. लालीचं दुसरं ओझं झालं, तुहं अजून एक नाही. घरच्या पोट्टीनं असं केलं तं बाया काय करतीन?"

पायलनं मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागली. तिच्या कापसात पाती फार येत होती. बघून वेचणाऱ्या माणसाच्या कापसात पाती येत नाही.

पौषात तिचं खाणं कमी झालं. तिनं मामाच्या पोराबरोबरचा फोटो काढून टाकला, शाळेच्या ग्रुपमधून निघाली. समीक्षा तिच्याबरोबर पहिलीपासून बारावीपर्यंत एका बाकावर बसलेली. ती एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली.

"पायल, माहा मेसेज जाऊन नाही राह्यला तुले. डीपी पण नाही दिसत. मले ब्लॉक केलं का तू?"

"फोन बिघडला," पायल म्हणाली.

"खरं सांगतं?"

"खरं."

 आत ये असं तिला कोणी म्हटलं नाही. प्रेरणा चुलीपाशी पीठ मळत होती. समीक्षाला ब्लॉक कर, ती चांगली नाही, तिची रील पाहिली मी, हे तिनं मंगळवारी वाचलेलं होतं. तिनं पिठात पाणी घातलं. ते जास्त झालं.

राजदीपला सांगावं असं तिच्या मनात दोनदा आलं. पण पहिला प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? त्याला तिच्याकडं उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बॅटरी फुगल्यासारखी गरम झाली म्हणून पायल फोन घरी ठेवून गेली. दुपारी सुरभी जेवून झोपली. फोन पाटावर थरथरत होता. प्रेरणानं मोजले नाहीत, पण पंधरा-सोळा मेसेज असतील. कुठे आहेस. फोटो पाठव, दोन बोटं. दिसतंय मला चालू आहे फोन. ठीक आहे. शेवटचा असा होता: 'अर्ध्या तासात उत्तर आलं नाही तर अंगठी बबनमामांकडे परत पाठवतो. कारण त्यांनाच सांगतो.'

वावर दोन किलोमीटर, आणि शिदोरी तर ती मघाच पोचवून आली होती. झोपलेल्या पोरीला टाकून जाता येत नव्हतं, उचलून घेऊन अर्ध्या तासात पोचणं होत नव्हतं. राजदीप पाळीवर. सासऱ्याचा फोन बांधावर गेल्याशिवाय लागत नसे. शेजारच्या मथुराबाई बाजाराला गेलेल्या. प्रेरणा उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि परत आली. वीस मिनिटं गेली होती. तिनं फोन घेतला.

पायल कसं लिहिते ते तिला पाठ झालं होतं. इंग्रजी अक्षरं, पूर्णविराम नाही, सॉरीमध्ये एकच र. तिनं लिहिलं, 'सोरी ना रागावू नका वावरात होती मला फोन नव्हता नेता आला संध्याकाळी बोलतो.' वाचून पाहिलं. बरोबर वाटलं. पाठवलं.

लगेच निळं झालं. मग बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.

'हे कोण आहे.'

तिनं फोन पाटावर पालथा ठेवला.

'पायल मला लिहीत नाही. कोण आहे तिथे. फोन कोणाच्या हातात आहे.'

त्या संध्याकाळी मेसेज पायलला आला नाही, राजदीपला आला. त्यात त्या ओळीचा फोटो होता, 'मला' या शब्दाभोवती लाल गोल, आणि खाली लिहिलेलं होतं: 'दादा, हा हात पायलचा नाही. गावातलं कोण तिचा फोन वापरतं ते बघा.'

राजदीपनं तो ओसरीवर उभं राहूनच पायलला दाखवला.

"हे कोणं लिहिलं?"

पायलनं पाहिलं. तिला काही समजलं नाही. "मी नाही लिहिलं, दादा."

"तुह्या फोनवरून गेलं. दीड वाजता."

"मी वावरात होती. आईले विचार. फोन घरी होता."

"घरी होता तं काय फोन आपल्या मनानं लिहिते?"

सत्यशीला भिंतीला धरून उठली. "कोण आलतं वं घरी दुपारी? प्रेरणा?"

"कोणी नाही," प्रेरणा म्हणाली. ते खरंच होतं.

"मंग हे पोट्टी खोटं बोलून राह्यली. फोन वावरात नेला असन, कोणाच्या तरी हाती देला असन."

"बॅटरी गरम झालती, आई, तुह्यासमोर ठेवला—"

"माह्यासमोर काई नोको सांगू."

राजदीपनं हात उचलला नाही. फोन पायलच्या हातून घेतला, कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप घातलं. उकंडा अंगणात बैलाला पाणी दाखवत होता. सगळं ऐकू गेलं असणार, पण तो आत आला नाही. पायल भिंतीकडं तोंड करून बसली. प्रेरणानं तिच्यापुढं ताट ठेवलं आणि नंतर तसंच उचललं.

पुढचे तीन दिवस पायल वावरात जाऊन वेचत राहिली. फोन नव्हता, तरी ओटीच्या गाठीकडं हात जायचा. बाया तिच्याशी थट्टा करीनाशा झाल्या. गावात काही सांगावं लागत नाही. लालीबाईनं फक्त एकदा तिच्या पाथीतली दोन झाडं वेचून तिच्या ओटीत टाकली आणि पुढं गेली.

रविवारी दुपारी ते आले. बबनराव, रजत आणि रजतचे वडील. रजत रजा काढून आला होता, दाढी केलेली नव्हती. ओसरीवर सतरंजी टाकली. पाणी झालं. बबनरावांनी दोनदा खाकरून घेतलं.

"असं आहे उकंडाजी, गोष्ट लहान आहे, पण स्वच्छ झालेली बरी. पोराच्या मनात एक आलं—"

"मनात नाही," रजत म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "मला फक्त नाव पाहिजे. मी काही करणार नाही त्याचं. पण मला फसवू नका."

"माह्या पोट्टीत तसं काई नाही," सत्यशीला म्हणाली, पण ती पायलकडं बघत नव्हती.

पायल दाराआड उभी होती. राजदीपनं सकाळीच चार्ज करून ठेवलेला फोन कपाटातून आणून सतरंजीवर ठेवला. सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

प्रेरणा चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं तो खाली ठेवला. एका कपातला चहा बशीत सांडला.

"ते मी लिहिलं," ती म्हणाली.

राजदीपनं वर पाहिलं. "काय?"

"तो मेसेज. पायल वावरात होती. रजतराव रागावले होते, अंगठी परत करतो म्हणाले, मला सुचलं नाही. मी पायलसारखं लिहून पाठवलं."

"तुले कसं समजलं तो काय म्हणे ते?" राजदीपनं विचारलं.

"वाचलं."

बाहेर बैलानं शेपटी आपटली. रजतच्या वडिलांनी बबनरावांकडं पाहिलं आणि बबनरावांनी चहाकडं.

"वहिनी, असं कोणीही म्हणेल," रजत म्हणाला. "घर वाचवायला माणूस म्हणतो. लिहून दाखवा."

"काय?"

"तेच. मी बघतो."

त्यानं फोन तिच्यापुढं सरकवला. प्रेरणा गुडघ्यावर बसली. ठिपके जोडले: वरून खाली, मग आडवं. तिला ते येतं हे सगळ्यांनी पाहिलं. तिनं लिहायला सुरुवात केली. अंगठे घसरत होते. सगळी माणसं वाकून बघत होती, शाळेत पाटीवर गणित सोडवताना बघतात तशी. रजतनं फोन उचलून वाचला. मग तो हसला, पहिल्यांदाच, आणि तोंडावरून हात फिरवला.

"हेच. सोरी पण तसंच. वहिनीच आहेत."

"म्हंजे भावजयच निघाली म्हणायची," त्याचे वडील म्हणाले, आणि ओसरीवर हसणं झालं. बबनराव सर्वांत मोठ्यानं हसले. "शिकेल सून घरात असली का असं होते. पोट्टीचं पत्रही तेच लिहिन, उत्तरही तेच देईन."

सत्यशीला हसली नाही. "चोरून वाचाचं शिकवलं का वं तुले कॉलेजात?" ती हळूच म्हणाली. राजदीप उठून अंगणात गेला.

रजतनं पिशवीतून एक खोकं काढलं. पॉवर बँक होती, वायरीसकट. "हे पायलसाठी. म्हणजे फोन घरी चार्जिंगला ठेवायची गरज पडणार नाही. जवळच ठेवायचा. लोकेशन चालू ठेवायचं आणि कोणाच्या हातात द्यायचा नाही. बस, बाकी माझं काही म्हणणं नाही."

"जीव लावते पोरगा," बबनराव उकंडाला म्हणाले. "आजकाल कोण एवढं पाह्यते?"

उकंडानं मान हलवली. पायलला बोलावलं. ती आली, खोकं घेतलं, होणाऱ्या सासऱ्याच्या पाया पडली आणि आत गेली. तिच्या अंगठीला कापसाचा एक धागा अडकलेला होता.

सोमवारी प्रेरणा शिदोरी घेऊन गेली तेव्हा बाया निंबाखाली एका बाजूला बसून जेवत होत्या, उकंडा आणि सत्यशीला दुसऱ्या बाजूला. पायल अजून पाथीत होती. तिच्या कमरेला एका बाजूनं पॉवर बँक आणि दुसऱ्या बाजूनं फोन. मधली वायर ओटीवरून गेली होती आणि वेचताना पऱ्हाटीत अडकत होती. प्रेरणानं सुरभीला आजीजवळ बसवलं, तिच्या तोंडाला फडकं बांधलं आणि पाथीत गेली.

"चल जेवायला."

पायलनं एक बोंड ओढलं, मग दुसरं.

"वयनी, कवापासून वाचून राह्यली तू?"

"साक्षगंधानंतर महिनाभरानं."

"सगळं?"

"सगळं."

"समीक्षाचं? बोटायचं?"

"हो."

"ते दहा दहा वेळा लिहाचं, तेही?"

प्रेरणानं मान हलवली. पायलनं हात थांबवले. ती रागावलेली दिसत नव्हती. हिशेब लागत नसला की माणूस बघतं, तशी ती बघत होती.

"मले वाटे, कोणाले ठाऊक नाही म्हणून कोणी बोलत नाही," ती म्हणाली.

प्रेरणानं पऱ्हाटीत अडकलेली वायर सोडवली. मी घाबरले होते, हे खरं होतं, पण ते इथं उभं राहून म्हणायला लहान होतं. ओटीतला फोन थरथरला. पायलचा हात गाठीकडं गेला.

"तो फोन मला दे," प्रेरणा म्हणाली. "आता चोरून नाही. मामाजींसमोर वाचते. तू म्हणशील तर."

पायलनं निंबाखाली बसलेल्या बापाकडं पाहिलं. मग तिनं वायर उपटली, ठिपके जोडले आणि उघडा फोन तिच्या हातात दिला.

उकंडा चौथीपर्यंत शिकला होता. त्याला पाटी वाचता येई, फोनवरची इंग्रजी अक्षरं नाही. त्याच्या हातात अर्धी भाकर होती.

"मामाजी, रजतरावांनी पायलला जे लिहिलं ते तुम्हाला वाचून दाखवायचं आहे."

"होणाऱ्या नवरा-बायकोचं, ते बापापुढं वाचाचं असते का?" सत्यशीला म्हणाली. "काल झाली तेवढी शोभा पुरे नाही झाली का तुही?"

"वाचू दे आई," पायल म्हणाली आणि जमिनीवर बसली.

 प्रेरणानं डिसेंबरपासून सुरुवात केली. धडा वाचावा तशी ती वाचत होती, तारीख, वेळ, त्यानं लिहिलेलं, मग पायलनं लिहिलेलं. कुठे आहेस. वावरात हाओ. फोटो पाठव. हा जुना आहे. तीन बोटं. मामाचा पोरगा असला तरी काढ. समीक्षाला ब्लॉक कर. केलं. दाखव. चूक झाली असं दहा वेळा लिही, तरच बोलेन.

"मग पायलनं लिहिलं आहे," प्रेरणा म्हणाली, "चूक झाली, मले माफ करा. असं पुढं सगळं तेच आहे."

"सगळं वाच," उकंडा म्हणाला.

ती वाचू लागली. चूक झाली, मले माफ करा. चूक झाली, मले माफ करा. बायांचं जेवण थांबलं होतं. लालीबाई चुंबळ हातात धरून तशीच बसली होती.  नऊ झाले.

"मग त्यांनी लिहिलं आहे, 'नऊच आहेत. परत लिही.'"

"मंग?"

"परत दहा लिहिले आहेत. त्या दिवशी रात्री साडेआठला. तुम्ही ओसरीवर जेवत होता."

उकंडानं हातातली भाकर फडक्यावर ठेवली. लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले, धोतराला पुसले. त्यानं पायलकडं पाहिलं नाही, सुनेकडं पाहिलं.

"तुले ठाऊक होतं."

"हो."

तो आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली.  त्यानं बंडीच्या खिशातून आपला बटनांचा फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून एक बटन दाबून धरलं आणि कानाला लावत वावराच्या बांधाकडं, धुऱ्याकडं चालायला लागला. सत्यशीला त्याच्याकडं बघत होती. मग तिनं टोपल्यातली भाकर काढली, तिच्यावर ठेचा घातला आणि पायलच्या हातात दिली.

प्रेरणाच्या हातातला फोन थरथरला. पायलनं मान वर केली. प्रेरणानं फोन तिच्यासमोर धरला. पायलनं वाचलं, घेतला नाही आणि भाकरीचा तुकडा मोडला.

धुऱ्यावरून उकंडाचा आवाज येत होता. रेंजसाठी तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलत होता.

"जयभीम बबनराव. हो, जेवलो. नाही, पोट्टी बरी आहे... पायलच्या बोटातली अंगठी न्यायले सांगा त्यायले. नाही जी, भांडण नाही. रागानं नाही म्हणून राह्यलो... बसू ना, बसाले काय होते. पण येता तं सकाऊन येजा. मंग आमी वावरात राह्यतो."